किती वेळा खोडलंस?

माझ्या मामाला कारखान्यात कुणी नावाने हाक मारत नाही. दारावरच्या पहारेकऱ्यापासून मोठ्या मालकांपर्यंत सगळे त्याला 'एकरेघ' म्हणतात. एकरेघ आले का, एकरेघांना विचारा, एकरेघांचा चहा वर पाठवा. बाहेरगावच्या एका गिऱ्हाइकाने तर हे आडनाव समजून पाकिटावर तसंच लिहिलं होतं. पाकीट बिनचूक मामाच्या टेबलावर पोचलं.

नावाचं कारण सोपं आहे. मामा एकदा काढलेली रेघ खोडत नाही. आमचा कारखाना पडद्यांचं आणि चादरींचं कापड छापतो, आणि त्यावरची फुलं, पानं, वेली दुसऱ्या मजल्यावरच्या नक्षीखोलीत तयार होतात. चार उतरती टेबलं, तीन उंच खिडक्या आणि कोपऱ्यात एक बेसिन, ज्याच्या गळक्या नळाला मला आठवतंय तेव्हापासून चिंधी बांधलेली आहे. बाकी तीन टेबलांवर खोडरबरं असत, त्यांचा काळा चुरा असे, तो झटकायचे ब्रश असत. मामाच्या टेबलावर पेन्सिली, ब्लेड आणि कागद. बस. कारखाना बघायला कुणी मोठं माणूस आलं की आधी यंत्रं दाखवायची आणि मग वर नेऊन मामा दाखवायचा, असा शिरस्ताच पडला होता. मामा मान वर न करता कोऱ्या कागदावर बुडख्यापासून शेंड्यापर्यंत एक फांदी काढायचा आणि पाहुणे भुवया उंचावून एकमेकांकडे बघायचे.

हे काम दिसतं तितकं सरळ नाही. नक्षी एका चौकोनात काढतात आणि तोच चौकोन कापडावर पुन्हा पुन्हा छापतात. त्याला आम्ही रिपीट म्हणतो. चौकोनाच्या उजव्या कडेला जे पान अर्धं तुटतं, ते डाव्या कडेला बरोबर त्याच उंचीवर पुढे सुरू व्हायला हवं. जराशी चूक झाली की अख्ख्या पडद्यात वरपासून खालपर्यंत एक रिकामी पट्टी दिसायला लागते. नक्षीखोलीत त्याला 'गल्ली पडली' म्हणतात, आणि गल्ली पडलेल्या कापडाची शेवटी पायपुसणी होतात. बाकीचे जिथे दहादा खोडून मेटाकुटीला येत, तिथे मामा एका रेघेत मोकळा व्हायचा. अडतीस वर्षं.

त्याच्या पहिल्या दिवसाची गोष्ट मोठे मालक स्वतः सांगत. "बावीस वर्षांचा काटकुळा पोरगा. आमच्या तेव्हाच्या हेडनी कागद पुढे टाकला, म्हणाले, काढ काहीतरी. यानं पेन्सिल टेकवली ती थेट शेवटालाच उचलली. हेड धावत खाली आले माझ्याकडे. म्हणाले, साहेब, हा खोडत नाही." ही गोष्ट मालक इतक्यांदा सांगत, की 'हा खोडत नाही' आलं की ट्रे घेऊन उभा असलेला शिपाईसुद्धा ओठातल्या ओठात त्यांना साथ द्यायचा.

मी या मामाची एकुलती एक भाची. तो आईचा धाकटा भाऊ. आम्ही खाली राहतो, मामा-मामी वर. त्यांना मूलबाळ नाही, त्यामुळे माझे दुधाचे दात पडणं, माझी गणितं, सायकलवरून पडून फुटलेला गुडघा, सगळं दोन मजल्यांत वाटलं जायचं. मला वरचा मजला जास्त आवडायचा आणि त्यातही मामीचं स्वयंपाकघर. तिच्या प्रत्येक फळीवर आणि प्रत्येक ड्रॉवरमध्ये जाड पांढरा कागद नीट कापून अंथरलेला असे. आमच्याकडे पूर्वी आपलं जुनं वर्तमानपत्र असे. मग मामी दर सहा महिन्यांनी आईलाही त्या कागदांचा गठ्ठा द्यायला लागली आणि दर वेळी बजावायची, "गुळगुळीत बाजू वर हं." आई म्हणायची, या बाईला नीटनेटकेपणाचा आजार आहे.

मला चित्रं काढायचं वेड होतं. या घरात ते लागणारच. चौदाव्या वर्षी सुट्टीत मी मागच्या अंगणातला काकडीचा वेल काढायला घेतला. पानं जमली, फूल जमलं, पण वेल ज्यांनी काठीला विळखा घालतो ते गुंडाळलेले बारीक तंतू काही केल्या जमेनात. काढायचे, खोडायचे, पुन्हा काढायचे, असं नऊ दिवस चाललं होतं. नवव्या दिवशी एक तंतू असा जमला की मी उठून आरशात स्वतःचं तोंड बघून आले. मग तो कागद घेऊन थेट नक्षीखोली गाठली.

नेमके त्या वेळी मामाच्या टेबलापाशी मोठे मालक आणि दोन पाहुणे उभे होते. मामाने कागद घेतला आणि खिडकीच्या उजेडापुढे धरला. उजेडात पुसलेल्या रेघांचे सगळे ओरखडे दिसायला लागले. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "किती वेळा खोडलंस?"

पाहुणे हसले. मालक म्हणाले, "एकरेघांच्या घरात खोडरबर कुठून आलं बुवा?" त्यावर आणखी हशा झाला. मामा काहीतरी बोलणार असं वाटलं, पण तो बोलला नाही. मी कागद तिथेच टाकून जिना उतरले.

त्यानंतर मी चित्र काढलं नाही. कुणी विचारलं की सांगायचे, आवड बदलली. आवड बदलली नव्हती. ज्या घरात मामा एका रेघेत वेल काढतो, त्या घरात एका तंतूसाठी नऊ दिवस खोडणाऱ्या मुलीने कशाला मध्ये लुडबुडायचं, एवढंच माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मामावर मी कधी रागावले नाही. त्याने खोटं थोडंच म्हटलं होतं. शिकले आणि त्याच कारखान्यात तळमजल्यावर ऑर्डरींच्या खात्यात चिकटले. गेली चौदा वर्षं मी दुसऱ्यांच्या नक्षीचे हातभर तुकडे कापून गिऱ्हाइकांना नमुन्यादाखल पाठवते.

गेल्या वर्षी मालकांच्या सूनबाईंनी कारभार हातात घेतला. हुशार बाई, चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर. महिन्याभरात नक्षीखोलीत चार टॅब आले, सोबत काचेवर लिहायचे चार पेन. बाकी तिघं आठवड्यात रुळले. मामाने आपल्या टॅबचं 'काचेची पाटी' असं नामकरण केलं आणि तो ड्रॉवरमध्ये ठेवून ड्रॉवर बंद केला. एकरेघांना रागावणार कोण? सूनबाईंनी मला बोलावलं.

"तुम्ही भाची ना त्यांची? घरी घेऊन जा तो टॅब. शिकवा त्यांना. तुमचं ऐकतील."

"मॅडम, ते मामीचंसुद्धा ऐकत नाहीत."

"मग दोघी मिळून सांगा," सूनबाई म्हणाल्या आणि फोनला लागल्या.

पहिल्या दिवशी मामाने पेन काचेवर टेकवला आणि लगेच उचलला. "घसरतंय. साबण सांडलेल्या फरशीवरून चालल्यासारखं वाटतंय." त्याने एक पान काढलं, ते वाकडं गेलं. मी म्हटलं, दोन बोटं टेकव. त्याने टेकवली. पान नाहीसं झालं.

मामाने माझ्याकडे पाहिलं, मग काचेकडे. दुसरं पान काढलं, पुन्हा दोन बोटं टेकवली.

"चुरा कुठे गेला?"

"चुरा नसतो यात."

"आणि खूण? ओरखडा वगैरे काही?"

"काही नाही. काच ती. कोरी पाटी."

त्यावर तो जो हसला, तसा हसताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. नवं खेळणं मिळालंय म्हणून हसला असेल, असं मला वाटलं. त्या दिवसापासून टॅब रोज घरी यायला लागला. कामावरून आला की हातपाय धुऊन मामा जेवायच्या टेबलाशी बसायचा आणि काचेवर वाकायचा. मामी म्हणायची, "आमचं नवीन लग्न झालं होतं तेव्हासुद्धा हे इतका वेळ माझ्याकडे बघत नव्हते." मामा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. साठीच्या माणसाच्या तोंडावर असा आनंद बघून मलाही बरं वाटत होतं, ते कशाला लपवू.

दोन आठवड्यांनी एका रविवारी सकाळी त्याने मला वर बोलावलं. "हे बघून ठेव, मी अंघोळ करून येतो." काचेवर काकडीचा वेल होता. पानं, फुलं आणि काठीला घट्ट धरून बसलेले तंतू. इतका सुंदर की मी खुर्ची ओढून बसले. कडा जुळतायत का बघायला गेले आणि बोट कुठेतरी लागलं. चित्र गेलं, काच पांढरी झाली आणि आपोआप एक रेघ उमटायला लागली.

या टॅबमध्ये एक सोय असते. काढलेलं चित्र पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत फिल्मसारखं पळवून बघता येतं. नक्षीखोलीतल्या तिघांनाही ती माहीत होती. मामाला मात्र मी सांगायला विसरले होते.

देठ आला आणि गेला. पुन्हा आला, थोडा तिरका, पुन्हा गेला. एक पान सात वेळा आलं आणि सात वेळा गेलं. पहिला तंतू अर्धा झाला की नाहीसा व्हायचा, परत यायचा, परत नाहीसा. मी मोजायला सुरुवात केली आणि सत्तरनंतर सोडून दिलं. मामी हात पुसत मागे येऊन उभी राहिली होती.

"मामी, हे काय आहे?"

"सापडलं का शेवटी," मामी म्हणाली. तिच्या आवाजात आश्चर्य नव्हतं, उलट सुटल्यासारखं होतं. तिने स्वयंपाकघरात नेऊन दुसऱ्या फळीवरचे डबे बाजूला केले, अंथरलेला पांढरा कागद उचलला आणि उलटा केला. मागची बाजू रेघांनी भरलेली होती. काढलेल्या, खोडलेल्या, त्यावर पुन्हा काढलेल्या. काही ठिकाणी खोडून खोडून कागद इतका पातळ झाला होता की पलीकडचं माझं बोट दिसत होतं. तिने ड्रॉवर उघडला, चमचे काढले, तो कागद उलटा केला. तिथेही तेच.

"अडतीस वर्षं मी हेच बघतेय. शनिवार-रविवार बसायचं, नुसतं खोड खोड खोडायचं, हाताला पाठ झालं की सोमवारी जाऊन एका रेघेत काढून यायचं. पाहुणे येणार असले की आठवडाभर आधी फांदी घोकायची. जाळून टाकते म्हटलं तर जीव होत नाही यांचा. मग काय करणार? गुळगुळीत बाजू वर सांगते ते काय उगाच?"

मला आधी हसू फुटलं. आमच्या घरातले ड्रॉवर आठवले, आईचे मसाल्याचे डबे आठवले, मामाच्या चोरीच्या मालावर आम्ही इतकी वर्षं चमचे ठेवत होतो. आणि मग हसता हसताच डोक्यात तिडीक गेली. मी कशापायी पेन्सिल सोडली होती? या खोट्यापायी?

मामा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आला. त्याने उलटे कागद पाहिले. मग टेबलावर चालू असलेला टॅब पाहिला.

"हे सगळं लिहून ठेवतं का ते?"

"पहिल्या रेघेपासून," मी म्हटलं.

तो हळूच खुर्चीवर बसला. "मग सूनबाईंना दिसेल."

नुसतं सूनबाईंना दिसणार असतं तर काय. दोन आठवड्यांनी कापडवाल्यांचं मोठं प्रदर्शन होतं. आमच्या गाळ्यात मोठा स्क्रीन लावायचा आणि त्यावर एकरेघांची फिल्म दाखवायची, हे सूनबाईंनी शुक्रवारीच ठरवलं होतं. बाकीच्या कारखान्यांची माणसं कशी खोडत बसतात आणि आमचा माणूस कसा काढतो, ते गिऱ्हाइकांनी डोळ्यांनी बघायचं. वर लावायच्या फलकावरचा मजकूर मीच टाईप करून दिला होता. 'अडतीस वर्षं. खोडरबर नाही.' हे मी मामाला सांगितलं, थोड्या दुष्टपणानेच सांगितलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"मी खोटं बोललो नाही गं कधी," तो म्हणाला. "त्या पहिल्या दिवशी खोडरबर घरी राहिलं होतं. मागायची लाज वाटली. आठवडाभर एकच फांदी घोकून गेलो होतो, तीच काढली. हेड ओरडत खाली गेले. मला वाटलं, दुसऱ्या दिवशी आणू खोडरबर. दुसऱ्या दिवशी मालक स्वतः बघायला आले."

मी जिना उतरले. पुढे दोन आठवडे आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो.

त्या दोन आठवड्यांत मामाने काय केलं ते मामीकडून कळत होतं. तो आपल्या जुन्या रस्त्याला लागला होता. आधी कागदावर खोडून खोडून वेल पाठ करायचा आणि मग टॅबवर एका दमात उतरवायचा. पण काच कागदासारखी हाताला धरत नाही आणि हातही आता साठ वर्षांचा. कुठेतरी चुकायचं. चुकलं की दोन बोटं टेकवायची सोय नाही, कारण तेही फिल्ममध्ये दिसणार. मग सगळं पहिल्यापासून. जेवण निम्म्यावर आलं होतं. मामी म्हणाली, "सांगून टाका म्हटलं एकदाचं, तर म्हणतात, माझ्याकडे दुसरं आहे काय? बाकीच्यांना हुद्दे आहेत, मला नाव आहे."

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी मामा ऑर्डरींच्या खात्यात आला. चौदा वर्षांत पहिल्यांदा तो माझ्या टेबलाशी आला होता. त्याने टॅब पुढे ठेवला.

"झालं. आठव्या खेपेला. एक रेघ इकडची तिकडे नाही."

मी फिल्म लावली. चाळीस सेकंदांत वेल सरसर वर गेला, कुठे थांबला नाही, कुठे मागे आला नाही. बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं असं होतं. मामा मात्र काचेकडे न बघता माझ्याकडे बघत होता. मग त्याने स्वतःच चौकोनाला चौकोन जोडून दाखवले. वेलांच्या मधून वरपासून खालपर्यंत एक बारीक रिकामी पट्टी गेली होती.

"गल्ली पडलीय," मी म्हटलं.

"हो. एका दमात काढायच्या नादात उजवी कड सुटली. आणि ज्यात गल्ली नाही, त्यात दोनशे चौदा वेळा खोडलंय. मोजलंय मी."

"स्क्रीनवर एकच चौकोन दाखवणार आहेत. कुणाला कळणार नाही."

"मला कळतं."

खात्यात दुसरं कुणी नव्हतं. बावीस वर्षं पोटात राहिलेलं मी शेवटी बोलून टाकलं. "मामा, तू स्वतः इतकं खोडतोस. मग माझा कागद उजेडाला धरून सगळ्यांपुढे तसं का विचारलंस? मी चित्र काढायचं सोडलं त्या दिवसापासून."

तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. त्याला खरंच माहीत नव्हतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं.

"अगं, मी आनंदाने विचारलं होतं," तो म्हणाला. "माझ्याइतकं खोडणारं माणूस मी तोपर्यंत बघितलं नव्हतं. नक्षीखोलीतले खोडतात ते चुकलं म्हणून. तू खोडलं होतंस ते अजून चांगलं यावं म्हणून. मला वाटलं, आली, आपल्या घरातली आली. पुढे तेच सांगणार होतो. पण मालक हसले, पाहुणे हसले, आणि तेव्हा बोललो असतो तर माझं उघडं पडलं असतं. म्हणून गप्प बसलो." त्याने चष्मा काढून पुसला. "नंतर तू म्हणालीस आवड बदलली. मला ते खरं वाटलं. सोयीचं होतं म्हणून खरं वाटलं असेल."

मी टॅब बंद केला.

"तुझा तो कागद आहे अजून," तो म्हणाला. "सगळ्यात खालची फळी. पिठाच्या मोठ्या डब्याखाली."

मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून घरी गेले. मामीने आणि मी मिळून डबा सरकवला. सगळ्या घरात तो एकच कागद उलटा अंथरलेला होता. चित्राची बाजू वर. डब्याच्या बुडाची गोल खूण पडली होती, पण वेल शाबूत होता आणि माझा नऊ दिवसांचा तंतूही. त्याच्या शेजारी, कोपऱ्यात, दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने तसाच तंतू काढायचा प्रयत्न केलेला होता. चार-पाचदा काढलेला आणि चार-पाचदा खोडलेला. मामी म्हणाली, "फळी पुसताना हा कागद हलवायचा नाही, अशी तंबी आहे मला." मी तिथेच फरशीवर बसून रडले. मामीने रडू दिलं आणि मग पीठ सांडलं म्हणून माझ्याकडूनच झाडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात आमच्या गाळ्यापुढे बरीच गर्दी होती. फलक वर झळकत होता. मोठे मालक पुढच्या खुर्चीत काठीवर हात ठेवून बसले होते आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला पहिल्या दिवसाची गोष्ट सांगत होते. दुसऱ्या कारखान्यांचे नक्षीवाले मागे हाताची घडी घालून उभे होते. सूनबाईंनी टॅब स्क्रीनला जोडून माझ्या हातात दिला. "लावा."

काचेवर दोन वेल होते. दोन्ही दिसायला सारखे. मामा माझ्या शेजारी उभा होता, इस्त्रीचा शर्ट, हात मागे. मी हळूच विचारलं, "कुठली लावू?"

त्याने मालकांकडे पाहिलं, फलकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "गल्ली नसलेली."

मी लावली.

पहिला देठ आला आणि गेला. कुणीतरी म्हणालं, मशीन अडकलं वाटतं. पान आलं, गेलं, आलं, गेलं. सूनबाई माझ्याकडे बघत हाताने बंद करा म्हणून खुणावत होत्या. मी दुसरीकडे बघितलं. मालकांची गोष्ट 'हा खोडत नाही'च्या अलीकडेच थांबली.

"हे कुणाचं आहे?" त्यांनी विचारलं.

"माझंच, साहेब," मामा म्हणाला.

"तुम्ही तर खोडत नाही."

"त्या दिवशी खोडरबर घरी विसरलो होतो, साहेब."

मालकांनी काठी पुढे टेकवली. "मग दुसऱ्या दिवशी आणायचं."

"हिंमत झाली नाही," मामा म्हणाला. "दुसऱ्या दिवशी तुम्ही बघायला आलात."

फिल्म नऊ मिनिटांची होती. काही लोक निघून गेले. मागचे नक्षीवाले मात्र पुढे सरकत सरकत पार स्क्रीनपाशी आले. तंतूंच्या जागी त्यातला एक म्हातारा स्वतःशीच बोलायला लागला, "नाही, अजून नाही... नाही... हां, आता." आणि बरोबर त्याच ठिकाणी मामाची रेघ टिकली. शेवटी चौकोनाला चौकोन जुळले आणि सगळा स्क्रीन वेलाने भरला. त्यात गल्ली नव्हती. टाळ्या वगैरे पडल्या नाहीत. त्या म्हाताऱ्याने मामाच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या गाळ्याकडे निघून गेला.

सूनबाईंनी फलक उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला. ऑर्डरी आल्या त्या गेल्या वर्षीएवढ्याच. कमी नाहीत, जास्त नाहीत, हे मी माझ्या हाताने लिहिलं आहे. मोठे मालक मात्र दुखावले. आठ दिवस ते नक्षीखोलीच्या मजल्यावर फिरकले नाहीत आणि मामाला ते फार लागलं. नवव्या दिवशी आले. मामाच्या टेबलावर, पेन्सिलींच्या शेजारी, आता एक पांढरं खोडरबर उघडं ठेवलेलं होतं. त्यांनी ते उचललं, उलटंसुलटं करून बघितलं, परत ठेवलं आणि शिपायाला म्हणाले, "दोन चहा सांग." पहिल्या दिवसाची गोष्ट त्यांनी त्यानंतर कुणाला सांगितल्याचं मी ऐकलं नाही. नाव मात्र एकरेघच राहिलं. आता ते म्हणताना लोक हसतात, आणि मामाही हसतो.

महिन्याभराने मी दुपारच्या सुट्टीत एक कागद घेऊन जिना चढले. बावीस वर्षांनी. त्यावर नक्षीखोलीतलं बेसिन होतं, गळका नळ आणि त्याला बांधलेली चिंधी. चिंधीच्या गाठीने माझा जीव घेतला होता. तिघंही टेबलांवर होते, दाराशी शिपाई ट्रे घेऊन उभा होता. मामाने कागद घेतला आणि खिडकीच्या उजेडापुढे धरला. सगळे ओरखडे दिसायला लागले. तो बराच वेळ बघत राहिला. मग सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारलं, "किती वेळा खोडलंस?"

"एकसष्ट," मी म्हटलं.

"गाठ अजून सैल दिसतेय," मामा म्हणाला आणि त्याने आपलं खोडरबर माझ्याकडे सरकवलं.